विचारून वाढणाऱ्या भागाबाई

भागाबाईंच्या गाडीवर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला ताटली दिली नाही. आधी वर पाहिलं. माझा इस्त्रीचा शर्ट, काखेतली छत्री, पायातले बूट असं सगळं नीट निरखलं आणि विचारलं, "नवं दिसताय. मी महाराची हाय. ठावं हाय का? खानार आसाल तर वाढते."

भर दुपार, परळच्या गिरणीची लांबलचक भिंत, माझ्यामागे दोनतीन कामगार ताटकळत उभे. असा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मी म्हणालो, "मला भूक लागलीय."

"भूक समद्यांनाच लागती. इचारलं त्येचं उत्तर द्या."

"खातो."

"मग हात धुवा," असं म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी तेव्हा फणसवाडीत राहत होतो. आमचं घराणं मुंबईतलं जुनं. आजोबांच्या वेळी थोडी जागाजमीन होती, पुढे ती गेली आणि घरात फक्त कारकुनी उरली. मलाही महापालिकेच्या परळच्या कचेरीत परवाने खात्यात नोकरी लागली होती. आमच्या घरी जातीचा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नसे, कारण न विचारताच सगळं ठरलेलं असे. त्यामुळे भागाबाईंचा प्रश्न कानाला फार मोठा वाटला. मटकीची उसळ, गरम भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा एवढं खाऊन मी कचेरीत परतलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तिथेच उभा राहिलो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला विचारलं नाही. एकदा उत्तर दिलेल्या माणसाला त्या पुन्हा विचारत नसत.

ही सवय त्यांना कशी लागली, ते मला त्यांच्या नवऱ्याने सांगितलं. दौलतराव गिरणीत कामाला होते. छातीत कापूस बसला आणि दम लागायला लागला, तसं काम सुटलं. श्वास बरा असेल त्या दिवशी ते गाडीशेजारी खोक्यावर बसून कांदे सोलत. त्यांच्या डाव्या पावलावर भाजल्याचा मोठा डाग होता. पूर्वी गाडी लालबागच्या नाक्यावर लागायची. तिथे एक गिऱ्हाईक रोज जेवायचं. एक दिवस त्याला कुणीतरी यांची जात सांगितली. तो तणतणत आला आणि त्याने उकळती उसळ लाथेने उडवली. ती दौलतरावांच्या पायावर पडली. भागाबाईंनी नवऱ्याचा पाय बरा केला, गाडी परळला आणली आणि त्या दिवसापासून सांगितल्याशिवाय कुणालाही घास दिला नाही. निम्मी गिऱ्हाइकं प्रश्न ऐकूनच वळत.

दौलतराव कुरकुरत, "गप वाढत जा की. कोन इचारतंय तुला?"

"गप वाढलं तर त्येंच्या पोटात भाकरी जाती आन् माझ्या पोटात भ्या बसतं," त्या म्हणत. "मला भ्या घिऊन चुलीम्होरं बसायचं न्हाई."

एरवी बाई कडक नव्हत्या. गिरणीचा भोंगा होईल म्हणून कुणी उभ्याउभ्या घास कोंबायला लागला की त्या त्याच्या हातातली ताटली काढून घेत. "बसा आधी. भोंग्याला काय जेवायचंय? त्यो ओरडतोय, ओरडू दे." भाकरी कुणाला मऊ लागते, कुणाला कडक, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. साळवी नावाचा एक जॉबर होता, गिरणीतला मुकादमच म्हणा. मोठा रुबाबदार माणूस. त्याला काठाला करपलेली भाकरी आवडायची. "ह्ये एवढं मोठं मानूस आन् करपलेलं खातंय," म्हणून त्या हसत, पण त्याच्यासाठी एक भाकरी मुद्दाम तव्यावर जास्त वेळ ठेवत.

माझ्याच कचेरीची लॉरी अशा गाड्या उचलून न्यायची. रस्त्यावर शिजवलेलं अन्न विकायला परवाना मिळत नसे, त्यामुळे भागाबाईंच्या गाडीलाही तो नव्हता. "गाडी आली, गाडी आली," अशी हाळी उठली की भेळवाले, भजीवाले आपापल्या हातगाड्या ढकलत गल्ल्यांत पसार होत. भागाबाई पळत नसत. दौलतरावांना पळवणार कशा?

एकदा लॉरी अशी अवचित आली की गाडीवर सगळा स्वयंपाक तयार होता. लॉरीवरच्या माणसांनी शेगडी विझवली, गाडी उचलली, पातेली वर चढवली. भागाबाईंनी पदर खोचला आणि त्यांच्या मागोमाग स्वतःही लॉरीत चढल्या.

लॉरीवरचा मुकादम ओरडला, "ओ बाई, उतरा खाली! माणसं न्यायची नाहीत."

"मानूस नगा निऊ. पन अन्न न्हेताय न्हवं? मंग त्येच्या संगं कुनीतरी पायजे."

आणि भागाबाई उसळीचं पातेलं मांडीशी धरून, भाकऱ्यांची टोपली बाजूला ठेवून, उघड्या लॉरीतून पालिकेच्या गुदामापर्यंत गेल्या. रस्त्यावरचे लोक बघत राहिले. मी कचेरीच्या कामाने गुदामावरच होतो. लॉरी आत आली, तर वर भागाबाई! खाली उतरून त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "सांजंपतुर इटल ह्ये. जेवलाय का कुनी?" मग लॉरीवरच्या चारही गड्यांकडे बघून त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला.

गडी एकमेकांकडे बघून हसायला लागले. त्यांतला एक म्हणाला, "मावशे, आमी बी तुझ्याच वाड्यातलं. आमास्नी काय इचारतीस?"

भागाबाईंनी कपाळाला हात लावला. "आन् तुमीच माझी गाडी उचलली व्हय रं?"

"पोटासाठी, मावशे."

"मंग बसा. पोटासाठीच बसा."

ज्यांनी गाडी उचलली त्यांना त्यांनी तिथेच गुदामाच्या सावलीत पोटभर वाढलं. मुकादम आधी दूर उभा होता. मग तोही येऊन बसला. गाडी मात्र सुटली नाही. दंड भरूनच न्यावी लागली.

त्यानंतर मी त्यांच्यासाठी खटपट केली. नियमात एक फट होती. शिजवलेल्या अन्नाला परवाना नव्हता, पण चणे-कुरमुऱ्यांसारख्या कोरड्या मालाला मिळत होता. दौलतरावांना हायसं वाटलं. भागाबाईंनी तो परवाना काच लावून गाडीच्या दांडीला टांगला आणि चणे विकायला लागल्या. लॉरी यायची आणि त्यांच्यासमोरून निघून जायची. कुणीही यायचं, चणे घ्यायचं. दुपारी मी गेलो की त्या पुड्या बांधत बसलेल्या दिसत, पण चेहऱ्यावर तेज नसे.

"धंदा बरा आहे ना?" मी विचारलं.

"बरा हाय. आता कुनाला काय इचारावं लागत न्हाई. चन्याला इटाळ न्हाई म्हनं," त्या म्हणाल्या. "पन दादा, दिसभर मानसं येत्यात आन् एक बी बसत न्हाई. पुडी घेत्यात आन् जात्यात. ह्यो काय धंदा हाय? ह्ये तर पेटीत टपाल टाकल्यावानी झालं."

मग संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटून उठलं ते दिवस आले. मोर्चे निघत, हरताळ पडत, अश्रुधूर सुटे, आणि गोळीबारही झाला. एका हरताळाच्या दिवशी ट्रामा बंद होत्या आणि मी परळमध्येच अडकलो. हॉटेलं बंद, खानावळी बंद. रस्ते माणसांनी भरलेले आणि माणसं सकाळपासून उपाशी. चाळींच्या गॅलऱ्यांतून बायका पाण्याच्या घागरी खाली सोडत होत्या. गिरणीच्या भिंतीशी आलो तर भागाबाईंची गाडी उभी, शेगडी पेटलेली आणि तव्यावर भाकरी. चण्याची पिंपं खाली उतरवून ठेवलेली. दौलतराव धापा टाकत कांदे चिरत होते, कारण धुराने डोळे झोंबणारे लोक आधी कांद्याच्या फोडीच मागत होते.

"भागाबाई, परवाना जाईल तुमचा," मी म्हणालो.

"जाऊ द्या. समूर मानसं उपाशी हायेत आन् मी काय पुड्या बांधू?"

गर्दी गाडीवर लोटत होती. आणि एवढ्या रेट्यातही बाई प्रत्येकाला विचारून वाढत होत्या. बाबल नावाचा एक मालवणी पोरगेला कामगार घामाने निथळत पुढे आला. प्रश्न ऐकून त्याने हात जोडले. "गो मावशे, आज कित्याक इचारतंस? आज आमी सगळे मराठी, सगळे एक!"

भागाबाईंनी भाकरी हातातच धरली. "आजचं मला दिसतंयच की, बाबा. मी उद्याचं इचारती. उद्या भोंगा झाला, मानसं कामाला लागली, की मला वळखशील का?"

बाबलने जोडलेले हात सोडले. मग म्हणाला, "वळखीन."

"मंग घे."

गिरण्या सुरू झाल्यावर बाबल खरंच रोज यायला लागला. त्या दिवशी जेवलेल्यांपैकी आणखी काही आले. बरेचसे आले नाहीत. त्यातले काहीजण समोरच्या फुटपाथने, मान दुसरीकडे वळवून जाताना मी पाहिले आहेत. भागाबाईंनीही पाहिले. त्यांनी कुणाला हाक मारली नाही.

शेगडी पुन्हा पेटल्याची तक्रार आलीच. आमच्या साहेबांनी त्यांना कचेरीत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. समजुतीने म्हणाला, "बाई, तुम्ही भर रस्त्यात जातीचा उच्चार करता, त्याने तंटा होतो. ते तेवढं बंद करा. शिजवलेल्याकडे मी सध्या बघणार नाही."

मी टेबलाशेजारी उभा होतो. मनात म्हणत होतो, 'हो म्हणा, भागाबाई.' दौलतरावांचं औषध, खोलीचं भाडं, सगळं त्या एका 'हो'वर होतं.

"सायेब," त्या म्हणाल्या, "मी बोलले म्हनून तंटा न्हाई झाला. बोलले न्हवते तवा झाला. माझ्या मालकांचा पाय भाजला." आणि पदराखालून त्यांनी तो काच लावलेला परवाना काढून टेबलावर ठेवला. "ह्यो चन्याचा हाय. चनं मी इकत न्हाई. मंग ह्येचं काय करू?"

साहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. परवाना रद्द झाला. लॉरी पुन्हा भागाबाईंच्या गाडीपुढे थांबायला लागली. कधी गाडी जायची, कधी लॉरीवरचे गडीच आदल्या दिवशी येऊन, उद्या लॉरी येणार असल्याचं कुजबुजून जायचे.

माझ्या आईला एव्हाना मी कुठे जेवतो ते कळलं होतं. एका उन्हाळ्यात तिने कैरीच्या गोड लोणच्याची बरणी माझ्या हाती दिली. "त्या बाईंना दे. तू त्यांच्या हातचं खातोस, तर त्यांनीही आपल्याकडचं खावं." मला केवढा आनंद झाला! भागाबाईंनी बोटाने लोणचं चाखलं, डोळे मिटले. "ग्वाड हाय. आईला म्हनावं, लई झ्याक." मग बरणीचं झाकण लावत सहज म्हणाल्या, "लोनचं आलं. आई न्हाई आली." रागाने नव्हे, ऊन पडलंय म्हणावं तशा म्हणाल्या. आई कधीच आली नाही. बरण्या मात्र दरवर्षी जात राहिल्या.

पहिली बरणी गेली त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला गाडी काही दिवस दिसली नाही. भागाबाई दौलतरावांना घेऊन नागपूरला गेल्या होत्या. तसल्या छातीच्या माणसाने एवढा प्रवास केला, तो दीक्षेसाठी. परत आल्या त्या पांढरं लुगडं नेसून. दौलतरावांच्या अंगातही पांढरा सदरा. नवं गिऱ्हाईक आलं आणि मी त्यांचे नवे शब्द पहिल्यांदा ऐकले, "मी बौद्ध हाय. खानार आसाल तर वाढते." शब्द बदलले होतेच, पण आवाजही बदलला होता. पूर्वी त्या प्रश्न विचारताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत, जणू फटका कुठून येतो ते आधीच हेरत. आता त्या पीठ मळता मळता विचारत.

साळवी जॉबरला हे खटकलं. ताटली हातात घेऊन तो म्हणाला, "भागाबाई, आम्ही तुमची जात कधी मानली का? एवढी वर्षं जेवतोय. मग आता हे नवीन कशाला?"

"तुमी मानली न्हाई, ह्यो तुमचा मोठेपना," त्या म्हणाल्या. "आता मीबी मानत न्हाई. त्यात तुमचं काय गेलं, साळवीदादा?"

साळवीने जेवण संपवलं, हात धुतले आणि पुन्हा आला नाही. महार म्हणून ज्या बाईच्या हातचं तो इतकी वर्षं चवीने खात आला, तिचं ताठ बसणं त्याला खुपलं. भागाबाईंना हे लागलं. कितीतरी दिवस त्या सवयीने एक भाकरी तव्यावर जास्त वेळ ठेवत, करपली की चिडत आणि मग स्वतःच ती खात.

दौलतराव पुढच्या थंडीत गेले. चाळीखाली माणसं जमली, त्यात मागे साळवी उभा होता. खांदे बदलायची वेळ आली तेव्हा तो पुढे झाला आणि त्याने नाक्यापर्यंत खांदा दिला. मला वाटलं, आता हा गाडीवर येईल. तो आला नाही. काही दिवसांनी भागाबाई मला म्हणाल्या, "खांदा दिला त्यानं. घास न्हाई घेतला. मानूस म्हंजी काय, उलगडत न्हाई बग, दादा." त्या दिवसापासून त्या मला 'अरे-तुरे' करायला लागल्या. मला ते फार बरं वाटलं.

महाराष्ट्र झाला त्या दिवसांत गिरणगावात घरोघर पणत्या लागल्या, नाक्यानाक्यावर कमानी उभ्या राहिल्या. मिरवणुकांसाठी रस्ते मोकळे करायचे म्हणून आदल्या आठवड्यात पालिकेने हातगाड्या उचलल्या. त्यात भागाबाईंची गाडीही गेली. मी म्हणालो, "दंडाचं मी बघतो, सोडवून आणू." त्यांनी मान हलवली. "नगं. ती ढकलायला दोन मानसं लागत हुती. आता एकच ऱ्हायलंय."

मग त्यांनी खोलीतच खानावळ घातली. गावाकडे बायकामुलं असलेले सातआठ कामगार दोन वेळा जेवायला येत. त्यात बाबल होता आणि त्याने आणलेले त्याच्या गावचे दोघे होते. खोलीत परवान्याची भानगड नव्हती आणि माणसं बसून जेवत होती. भागाबाई अंगाने भरल्या, आवाजही पूर्वीसारखा खणखणीत झाला. माझी बदली दुसऱ्या विभागात झाली, लग्न झालं, तरी महिन्यातून एखादी फेरी होई. बायकोला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तिला पाटावर बसवून वाढलं आणि जाताना तिची मूठ तिळांनी भरली.

काही वर्षांनी, शिमग्याच्या दिवसांत त्या आजारी पडल्या आणि त्यातून उठल्या नाहीत. त्या जायच्या थोडे दिवस आधी मी दुपारचा भेटायला गेलो होतो. जेवणारे कोकणात गावी गेलेले, खोली रिकामी. शेजारीण सकाळी चहा देऊन कामावर गेली होती. भागाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "कालपासनं चूल पेटली न्हाई."

मी उभ्या जन्मात चहासुद्धा केला नव्हता. पण बाही दुमडून स्टो पेटवला. त्या अंथरुणातूनच सांगत होत्या, "तांदूळ धू. आजून येकदा धू. पानी जास्ती घाल, मऊ हू दे." भात उतू गेला, हात भाजला, खोलीभर रॉकेलचा वास झाला. शेवटी एकदाचा शिजला. मी त्यांना धरून बसवलं, पाठीशी वळकटी लावली, ताटलीत भात वाढून पुढे ठेवला आणि समोर बसलो.

त्या ताटलीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "माझी माय गेली तवापासनं कुनी वाढलं न्हाई मला."

पहिला घास त्यांनी सावकाश चावला. मग माझ्याकडे बघून गालात हसल्या. "मीठ इसरलास."

मी मिठासाठी उठायला लागलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. हात तापाने कढत होता. "बस. उठू नगंस. मिठाबिगर जेवता येतंय."

ताटली संपल्यावर त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि तिथलीच दुसरी ताटली माझ्याकडे सरकवली. "आता तू घे. तू बी जेवला नसशील."

मी घरून जेवून निघालो होतो. पण घेतलं. समोरासमोर बसून आम्ही दोघांनी तो अळणी भात भांडं रिकामं होईपर्यंत खाल्ला.